त्रिफळ्याच्या काढ्याने गुळण्या: हिरड्यांच्या सुजेवर काही महिने वापरल्यानंतर

ब्रश केला की थुंकी गुलाबी, पेरू चावला की फोडीवर रक्ताचा डाग, आणि खालच्या पुढच्या दातांमधली हिरडी फुगून लालबुंद. दंतवैद्यांनी खुणांची बारीक सळई दातांच्या कडेने फिरवली नि म्हणाल्या, "जिंजिवायटिस, म्हणजे हिरड्यांची सूज आहे, हाडापर्यंत गेलेलं नाही, पूर्ण बरं होईल." स्केलिंग, म्हणजे दातांवरचं किटण खरवडून काढणं, झालं. सोबत 0.2 टक्के क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश मिळाला, तोही थोडेच दिवस, कारण तो लांबवला की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बिघडते. त्यानंतर काय, हे त्यांनाच विचारून मी त्रिफळ्याचा काढा सुरू केला.

हिरडा, बेहडा, आवळकाठी समभाग घेऊन भरड करावी. बारीक चूर्ण नीट गाळलं जात नाही, तोंडात गाळ राहतो. चमचाभर भरड दोन कप पाण्यात घालून पाणी निम्मं होईपर्यंत उकळते आणि फडक्यातून गाळते. भांडं स्टीलचंच हवं. लोखंडी कढईत त्रिफळ्यातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोहाशी क्रिया होऊन काढा शाईसारखा काळा होतो. शिळाही चालत नाही, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. कोमट घोट दातांच्या फटींतून खेळवून थुंकायचा. पहिल्यांदा तोंड असं आवळून येतं की जीभ खरखरीत वाटते, पण वर साधं पाणी प्यायलं की ते चक्क गोड लागतं.

रक्त आधी थांबलं, सूज सावकाश उतरली. दोन दातांमधलं हिरडीचं टोक, जे बोथट झालं होतं, ते पुन्हा टोकदार आणि फिकट गुलाबी दिसायला लागलं. त्रिफळ्यातल्या टॅनिनमुळे सुजलेला भाग आकसतो आणि जंतूंच्या वाढीलाही आळा बसतो. क्लोरहेक्झिडीनशी त्याची तुलना करणारे अभ्यास आपल्याकडे झालेत आणि काहींमध्ये तो जवळपास बरोबरीला उतरलाय. मात्र मागच्या दाढेच्या आतल्या बाजूची सूज काही केल्या हटेना. तिथे ब्रशच पोचत नव्हता. फटींत घालायचा छोटा ब्रश आणला, तेव्हा ती गेली. दातांवर घट्ट बसलेलं किटण कुठल्याही काढ्याने विरघळत नाही. ते खरवडूनच काढावं लागतं, आणि स्केलिंगने दात हलतात ही भीती निराधार आहे.

इरिमेदादि हे आयुर्वेदिक तेलही रात्री बोटाने चोळून पाहिलं. दुखरेपणा कमी होतो, पण तिळाच्या तेलाचा तवंग तोंडात राहतो, मला नाही आवडला. लवंगेचं नुसतं तेल हिरडीला लावू नका, त्यातल्या युजेनॉल या तिखट द्रव्याने ती भाजते. आणि मिश्री तर नकोच! आमच्याकडे अजूनही कितीतरी बायका "हिरड्या घट्ट होतात" म्हणून ती लावतात. ती भाजलेली तंबाखू आहे, तिने व्यसन लागतं आणि तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. आई-मावशीची डबी दिसली तर कृपया बोला त्यांच्याशी.

दात हलत असेल, पू येत असेल, तर काढ्यात दिवस घालवू नका. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या, ती वाढलेली असली की हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत. मी सध्या काढा आठवड्यातून दोन-तीनदाच करते. फटींचा ब्रश मात्र रोज रात्री.