नाटक, फराळ की दरमहा दोनशे रुपये?

गेल्या दिवाळीआधी बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या फराळाच्या टेबलाशी एक बाई आल्या. चकलीची दोन पाकिटं घेतली, सुटे पैसे मोजून दिले आणि आम्ही दिलेली कापडी पिशवी आतली बाजू बाहेर करून मग तीत पाकिटं ठेवली. पिशवीवर आमच्या ट्रस्टचं नाव छापलेलं आहे आणि त्या नावात 'मनोरुग्ण' हा शब्द येतो. "घरी पाहुणे आहेत हो, उगाच विचारत बसतील," म्हणाल्या. त्यानंतर आणखी चौघींनी तेच केलं. पाचवीला मी स्वतःच पिशवी उलटी करून दिली.

हा प्रसंग आधी सांगायचं कारण म्हणजे कारेलीबागेतल्या एका वहिनींचा फोन. त्यांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. सात-आठ घरांनी मिळून दोन खोल्यांत दिवसाचं केंद्र सुरू केलंय. सकाळी दहा ते चार शुभार्थी येतात, कागदी पिशव्या करतात, कॅरम खेळतात, कुणी नुसतं बसून राहतं. (शुभार्थी म्हणजे आजारी माणूस, शुभंकर म्हणजे त्याला सांभाळणारं घरचं माणूस. आपल्याकडच्या स्वमदत गटांत हेच शब्द चालतात, आणि 'पेशंट'पेक्षा मला ते बरे वाटतात.) वहिनींचा प्रश्न सरळ होता: "काकू, पैसे कसे उभे करू? कुणी नाटक म्हणतंय, कुणी फराळ, आणि माझा भाचा म्हणतो ऑनलाइन टाक, दोन दिवसांत लाख जमतील."

मी अशाच एका लहान ट्रस्टची खजिनदार आहे. यातला जवळजवळ प्रत्येक मार्ग आम्ही चालून पाहिलाय, काही दोनदा.

नाटकापासून सुरुवात करते, कारण बडोदेकर मराठी माणसाला पहिलं तेच सुचतं. अकोट्याचं सयाजीराव नगरगृह धरायचं, मुंबई-पुण्याचा एखादा संच बोलवायचा किंवा इथल्याच हौशी मंडळींना उभं करायचं. हिशेब असा मांडा. ३०० रुपयांची ४०० तिकिटं गेली तर १ लाख २० हजार. (५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेवढी काळजी मिटली.) समजा सभागृह, ध्वनी-प्रकाश, संचाचं मानधन, प्रवास आणि नेपथ्याचा टेम्पो यांत ८० हजार गेले, तर तिकिटांतून उरले ४० हजार. बाहेरचा संच असेल तर हे ८० हजार पुरतील याची मी खात्री देणार नाही. हौशी संचात खर्च कमी, पण लेखकाची परवानगी आणि मानधन तिथेही चुकत नाही.

खरा पैसा असतो स्मरणिकेत. ५ हजारांची दहा पूर्ण पानं आणि अडीच हजारांची वीस अर्धी पानं भरली तर १ लाख. छपाईचे २५ हजार वजा केले तरी ७५ हजार हातात. म्हणजे ज्या दोन तासांसाठी आपण तीन महिने धावतो, त्यापेक्षा त्या पुस्तिकेनं जास्त दिलं, आणि ती पुस्तिका कुणी वाचत नाही. रावपुऱ्यातला सराफ काय किंवा मकरपुऱ्यातला कारखानदार काय, जाहिरात देतो ती मागायला आलेल्या माणसाकडे बघून. आमच्या बऱ्याचशा जाहिराती बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणायचे. काका मुलीकडे पुण्याला राहायला गेले आणि स्मरणिका पुढच्याच वर्षी निम्मी झाली.

नाटकात आमची एक चूक झाली, ती वहिनींनी करू नये म्हणून सविस्तर लिहिते. प्रयोग छान झाला, १ लाखाच्या वर उरले, आणि त्या आनंदात आम्ही आठवड्यातून तीन दिवस येणारी एक समुपदेशक नेमली. नोव्हेंबर ते मार्च ती आली. मार्चमध्ये पैसे संपले. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी एक मुलगा दहा वाजता येऊन दाराकडे तोंड करून बसला. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "ताई आज सुट्टीवर?" मी हो म्हटलं. बुधवारी त्यानं परत तेच विचारलं. पुढच्या आठवड्यापासून तो आलाच नाही, आणि त्याला परत केंद्रात आणायला त्याच्या आईला पावसाळा उजाडला. या आजारात गोळ्या वर्षानुवर्षं चालतात, भाडं आणि पगार दर महिन्याला द्यावा लागतो. एकदाच आलेल्या पैशावर दर महिन्याचा माणूस नेमणं हा वेडेपणा होता, आणि इथे हा शब्द मी विचार करून वापरतेय.

फराळावर फार लिहीत नाही. २०० पाकिटं, पाकिटामागे ४० रुपये सुटले तर ८ हजार; त्यासाठी पाच बायकांचे चार दिवस आणि तळणीचा धूर. अनारशांच्या नादी लागू नका, डब्यात घालेपर्यंत निम्मे मोडतात आणि मोडलेले आपणच खातो. अन्न विकायचं तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी. छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, ती ऑनलाइन होते. आम्ही फराळ बंद केला नाही तो वेगळ्या कारणासाठी. चिवडा तोलणं, पाकिटाला चिकटपट्टी लावणं ही शुभार्थींना जमणारी आणि दिसणारी कामं आहेत. तोलायला बसणारा आमचा एकजण १० ग्रॅमसुद्धा इकडेतिकडे होऊ देत नाही. पण ८ हजारांना निधी म्हणू नये.

आता भाच्याची सूचना. ऑनलाइन क्राउडफंडिंग, म्हणजे संकेतस्थळावर आवाहन टाकून अनेकांकडून पैसे गोळा करणं, अपघात किंवा शस्त्रक्रिया अशा एकदाच होणाऱ्या खर्चाला चालतं: एक माणूस, एक आकडा, एक तारीख. आमचं तसं नव्हतं तरी आम्ही अशा एका संकेतस्थळाकडे गेलो. तिथल्या मुलानं फोनवर फार अदबीनं सांगितलं, "मॅडम, एक आधीचा फोटो लागेल आणि एक आत्ताचा. आधीचा जरा..." पुढचं वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही, मलाही ते ऐकायचं नव्हतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा (अंमल २९ मे २०१८ पासून) यात स्पष्ट आहे: मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आपलं दिवसाचं केंद्र त्या व्याख्येत बसतं की नाही, हा वाद मी घालत नाही. आणि समजा संमती मिळाली. आज बरा नसलेला मुलगा सही करेल, पण दोन वर्षांनी तो नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हा तो फोटो इंटरनेटवरच असेल.

आम्ही मग फक्त हातांचे फोटो टाकले, कागदी पिशवीला डिंक लावणारे हात. पहिले तीन दिवस पैसे आले, ते आमच्याच नातेवाइकांचे. चौथ्या दिवसापासून जवळजवळ काही नाही. चेहऱ्याशिवाय ते चालत नाही, हे त्या मुलाचं म्हणणं बरोबरच होतं.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी ऐकायला मोठा वाटतो आणि बडोद्याभोवती कारखाने काही कमी नाहीत. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. घेणाऱ्या संस्थेकडे १२ए (संस्थेला करसूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठी) ची नोंदणी हवी. वहिनींच्या गटाची अजून ट्रस्ट म्हणूनही नोंदणी नाही, तेव्हा यंदा हा विषय सोडून द्या. आम्ही अर्ज केला तेव्हा 'लाभार्थी संख्या' या रकान्यात मी १८ लिहिलं. समोरच्या अधिकाऱ्याला वाटलं शून्यं राहिली. डोळ्यांच्या शिबिरात एका दिवसात शेकडो माणसं होतात. आमचे १८ जण वर्षभर तेच १८ असतात, आणि तेच राहिले तर आम्ही खूश असतो.

परदेशातल्या नातेवाइकांचं मात्र नीट समजून घ्या, कारण बडोद्यात घरटी एक तरी अमेरिकेत. तिथे राहणारा पण अजून भारतीय नागरिक असलेला भाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवू शकतो; ती विदेशी देणगी धरत नाहीत. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावून ठेवा. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तीच रक्कम विदेशी देणगी होते आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. त्या नोंदणीला तीन वर्षांचं काम, तेवढ्या काळात १५ लाखांचा खर्च आणि दिल्लीला स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. पासपोर्ट दोन्ही देशांचे निळेच, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. विचारायचं काम आपलं.

वहिनी, गरब्याबद्दलही विचारलं होतंत. युनायटेड वे ऑफ बडोदाचा गरबा समाजकार्यासाठी निधी उभारतो हे खरं, पण ते मैदान आणि ती यंत्रणा आपल्या आवाक्यातली नाही. सोसायटीत शरद पौर्णिमेचा छोटा गरबा करा, दूधपोहे खा, पेटी फिरवा. दानपेटीतल्या निनावी पैशाला कर-नियमांत मर्यादा आहे: वर्षाला १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत ठीक, त्यावरच्या रकमेवर ३० टक्के कर. तुमच्या पेटीत १ लाख जमले तर मलाही बोलवा.

मी वहिनींना सुचवला तो मार्ग सगळ्यात कंटाळवाणा आहे: दरमहा २०० रुपये देणारी शंभर माणसं. वर्षाचे २ लाख ४० हजार. तीसजण गळाले तरी १ लाख ६८ हजार, म्हणजे आमच्या त्या यशस्वी नाटकापेक्षा जास्त, आणि सभागृह नाही, टेम्पो नाही. ज्येष्ठांना बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दरमहा आपोआप पैसे वळते करण्याची सूचना) सोयीचं पडतं, तरुणांना यूपीआय ऑटोपे. ऑटोपेमध्ये पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाते. आमच्या एका सभासदाला ती आवडत नाही, मला आवडते. देणाऱ्याला दर महिन्याला नको म्हणायची संधी मिळते आणि बहुतेक जण म्हणत नाहीत.

यात दोष आहेतच. पहिले सहा महिने आकडा इतका लहान असतो की मिटिंगमध्ये सांगायला लाज वाटते. दोनशे रुपये मागणं हे वीस हजार मागण्यापेक्षा अवघड आहे, समोरचा म्हणतो "अहो, हे एकदमच घ्या ना हजार रुपये," आणि विषय संपवतो. खोलीचं डिपॉझिट भरायचं असेल, पंखे-कपाट घ्यायचं असेल तर हा मार्ग बिनकामाचा. तिथे नाटक करा, स्मरणिका काढा. आणि पावत्या. ८०जी मिळालं की प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन, रक्कम वर्षभर लिहायची आणि १०बीडी नावाचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. म्हणजे एका उशिराच्या दिवसात एका माणसाची एका महिन्याची वर्गणी गेली. २,००० च्या वर रोख देणगीला वजावट नाही, आणि नव्या करपद्धतीत गेलेल्यांना ८०जीचा फायदाच नाही. तेव्हा कर वाचेल असं सांगून कुणाला ओढू नका.

पण हा मार्ग मी धरून बसले आहे तो पिशवी उलटी करणाऱ्या बाईंमुळे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. म्हणजे नाटकाच्या चारशे खुर्च्यांत चाळीसएक माणसं आपलीच. ती टाळ्या वाजवतात, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभी राहतात, आणि आपण स्टेजवरून केंद्राबद्दल बोलतो तेव्हा मोबाइल बघतात. त्यांना द्यायचं असतं, पण देताना दिसायचं नसतं. मासिक वर्गणीत ते साधतं. नाव आमच्या वहीत असतं, पावतीवर असतं, फलकावर नसतं. कायद्याच्या दृष्टीनं ही निनावी देणगीही होत नाही. मांडवीतले एक गुजराती दुकानदार पाच वर्षं दर महिन्याला ५०१ देतात. पहिल्यांदा म्हणाले होते, "बेन, बोर्ड पर नाम ना लखता." कोणासाठी देतात ते मी विचारलेलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी एवढंच विचारलं की केंद्रात मुलींसाठी वेगळी खोली आहे का.

या लोकांना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चार ओळी पाठवते. केंद्र किती दिवस उघडं होतं, भाडं किती गेलं, रिक्षाला किती, कुठल्या गोष्टीला पैसे कमी पडले. कुणाची कहाणी नाही. शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास चालणारा, मोफत. फराळाच्या पाकिटात टाकायच्या चिठ्ठीवरही आता तोच क्रमांक आहे, आणि यंदाच्या पिशव्या कोऱ्या घेतल्या आहेत.

तर वहिनी, आधी ट्रस्टची नोंदणी. तोवर प्रत्येक घरानं दहा नावांची यादी करा: दोनशे रुपये जे दर महिन्याला देतील असे लोक, मोठेपणा करून एकदाच देणारे नकोत. समुपदेशक सहा महिन्यांची वर्गणी खात्यात साठल्याशिवाय नेमू नका. गणपतीपर्यंत चाळीस नावं झाली नाहीत तर मला फोन करा. मग नाटकाचा विचार करू, पण नगरगृहाची तारीख तेव्हाच धरावी लागेल, दिवाळीनंतरचे रविवार लवकर जातात.