बोअरच्या लाल पाण्यावर कोळशाचा फिल्टर : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून

सुरुवातीलाच सांगते. फिल्टर चांगला चालतोय, बोअरचं पाणी आम्ही आता स्वयंपाकाला वापरतो, आणि तरीही ‘कोळसा लोह काढतो’ असं मी कुणाला सांगणार नाही. लोह निघायचं बहुतेक काम पाणी कोळशाला लागायच्या आधीच होतं. हे माहीत नसल्याने लोक पिंपात नुसता कोळसा भरतात, महिन्याभरात कंटाळतात आणि पिंप गुरांच्या पाण्याला लावतात. आमच्या वाडीतच तसं झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही वेंगुर्ले तालुक्यात राहतो, रेडीच्या बाजूला. रेडीला लोहखनिजाची खाण, आजूबाजूला सगळा जांभा, तेव्हा बोअरला लोह लागलं यात नवल नाही. विहिरीचं पाणी उत्तम, पण उन्हाळ्यात ती तळ गाठते आणि बोअरवाचून गत्यंतर नसतं. पंपातून पडताना हे पाणी अगदी नितळ दिसतं. बादलीत तासभर ठेवलं की पिवळी झाक येते, सकाळी बघावं तर तळाला तांबूस गाळ आणि वर पातळ तवंग. चहा काळा पडायचा, भात पिवळट व्हायचा, मोरीची फरशी कितीही घासली तरी लालच. आरओ मशीन होतं, पण त्याची पुढची कँडल काही दिवसांतच लाल होऊन तुंबायची.

जमिनीखाली पाण्याला हवा मिळत नाही, म्हणून लोह विरघळलेलं राहतं. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो, म्हणजे न विरघळणारे कण. विरघळलेलं लोह कोळशाच्या थरातून बरंचसं तसंच खाली उतरतं, कण मात्र रेतीत अडकतात. म्हणून आधी हवा, मग विसावा, मग रेती आणि सगळ्यांत शेवटी कोळसा. हा क्रम बदललात तर पैसे वाया गेले.

पडवीच्या कडेला चिऱ्यांच्या उतरत्या पायऱ्या रचून त्यावर तीन निळी पिंपं ठेवलीत. बोअरचा पाइप पहिल्या पिंपावर उंच घेऊन त्याला न्हाणीघरातला साधा शॉवर लावलाय. धारा बारीक पडतात, त्यांना वाटेत भरपूर हवा लागते. त्याच पिंपाच्या तळाशी खायच्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या आहेत, धुऊन, वाळवून, जाडसर फोडलेल्या. त्याचं कारण असं की आमचं पाणी किंचित आम्ल आहे आणि आम्ल पाण्यात लोहाचा गंज फार सावकाश होतो. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) एका अंकाने चढला तर तो वेग साधारण शंभर पटीने वाढतो. शिंपल्यांतला चुना पाण्यात हळूहळू उतरतो आणि आम्लता मारतो. शिंपल्या घातल्यावर रात्रभरात बसणारा गाळ डोळ्यांना दिसेल इतका वाढला. शिंपल्या नसतील तर संगमरवराची चुरी चालेल, तोही तोच पदार्थ.

दुसऱ्या पिंपात खाली खडी, वर जाड रेती, त्यावर बारीक रेती. रेती नदीची हवी, समुद्राची नको, आणि पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुतलेली हवी. पहिल्या पिंपाची तोटी तळापासून वीतभर वर बसवा, नाहीतर बसलेला गाळ सगळा रेतीवर येतो.

तिसऱ्यात कोळसा. आमचा करवंटीचा आहे, दाणेदार, दुकानातून आणलेला ‘ॲक्टिव्हेटेड’. शेजारी चुलीतला लाकडी कोळसा फोडून भरलाय, त्यामुळे दोन्ही रोज बघायला मिळतात. भट्टीत ८००-९०० अंशांना वाफ देऊन करवंटीच्या कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडतात. अशा एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग पाचशे ते दीड हजार चौरस मीटर भरतो. चुलीतल्या कोळशाला हे जमत नाही, शिवाय तो बरेच दिवस काळी पूड सोडतो. पण निव्वळ लोहाचं म्हणाल तर शेजारच्या पाण्यात आणि आमच्या पाण्यात मला फारसा फरक आढळला नाही, कारण त्यांच्याकडेही शॉवर आणि रेती आहे. फरक कळतो तो वासात आणि चवीत. ती लोखंडी चव आमच्या कोळशाने पार घालवली.

आसामात घरोघरी रेती, खडी आणि लाकडी कोळशाचे असे फिल्टर जुन्या काळापासून आहेत, लोहासाठीच. बांगलादेशात अबुल हुसाम यांच्या ‘सोनो’ या आर्सेनिक काढणाऱ्या फिल्टरला २००७ साली अमेरिकेतलं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. त्यातही लाकडी कोळसा आहे, पण आर्सेनिक हे विष पकडायचं काम लोखंडाच्या खास थराकडे आहे, कोळसा फक्त साथीला. म्हणून ‘कोळसा आर्सेनिक काढतो’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

चाचणी घरी अशी करते : गाळलेला कडक कोरा चहा दोन काचेच्या पेल्यांत थोडा थोडा घेते, एकात बोअरचं कच्चं पाणी घालते, दुसऱ्यात गाळलेलं. कच्च्या पाण्याचा पेला लगेच काळानिळा होतो, दुसरा तांबूसच राहतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) एकत्र करून शाई करायचे ती हीच क्रिया. ग्रामपंचायतीकडच्या किटनेही तपासलं. कच्चं पाणी रंगपट्टीच्या सर्वांत गडद घरात, गाळलेलं ०.३ च्या घरात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, वर्ष २०१२) लोहाची मर्यादा लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम होती, २०१५ च्या दुरुस्तीत ती १ झाली. डाग आणि चव ०.३ च्या पुढे जाणवायला लागतात, म्हणून मी जुनाच आकडा धरते. सासूबाईंना आकड्यांशी कर्तव्य नाही. त्या ताटाकडे बघून म्हणाल्या, “आता भात पांढरो दिसता गो.”

देखभाल मात्र आहे, आणि ती चुकवून चालत नाही. धार बारीक झाली की रेतीवरचा बोटभर थर लाल चिखल झालेला असतो. तो खरवडून काढायचा, धुऊन परत घालायचा. भर उन्हाळ्यात हे आठवड्याला करावं लागतं, पावसाळ्यात फारसं नाही, कारण तेव्हा बोअर क्वचितच लागतं. कधी हाताला बुळबुळीत लागतं, ते लोहावर जगणारे जिवाणू. तेव्हा पहिली दोन पिंपं ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुते, कोळशाचं सोडून. कोळसा क्लोरिन खाऊन टाकतो आणि त्यातच त्याची ताकद जाते. हा लाल गाळ आम्ही माडाच्या आळ्यात टाकतो. पाण्यात आर्सेनिक असलेल्या भागात असं अजिबात करू नका, ते गाळातच साठलेलं असतं.

आता या फिल्टरकडून होत नाही ते. खारटपणा जात नाही, किनाऱ्याजवळच्या बोअरवाल्यांनी आशा ठेवू नये. फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाही. मँगनीज नुसत्या हवेने लवकर बसत नाही. भांड्यांवर लालऐवजी काळे डाग पडत असतील तर ते मँगनीज असू शकतं, त्याला मँगनीज डायऑक्साइडचा लेप दिलेली रेती लागते. शिसं, तांबं कोळशाला काही प्रमाणात चिकटतं, पण कोळशाची धरून ठेवायची ताकद कधी संपली ते बाहेरून कळायचा मार्ग नाही, त्यामुळे शिशाची शंका असेल तर घरगुती पिंपाच्या भरवशावर राहू नये. आणि जंतू मरत नाहीत, उलट ओल्या कोळशात ते वाढतात. पिण्याचं पाणी आम्ही शेवटच्या पिंपानंतर उकळतो. घाई असेल तर मेडिक्लोर (क्लोरिनचे थेंब), तेही कोळशानंतरच.

खर्च सांगायचा तर पिंपं, तोट्या, रेती आणि कोळसा मिळून तयार लोह-फिल्टरच्या टाकीपेक्षा पुष्कळ कमी पडला. सगळ्यांत महाग कोळसाच. रेतीने आपलं काम नीट केलं तर तो टिकतो. कोळशाच्या दाण्यांवर लाल लेप दिसायला लागला तर समजा रेतीतून गाळ सुटतोय, आणि कोळसा बदलण्याआधी रेतीचा थर वाढवा. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी तो काढू नये, हे पाणी त्याला द्यावं. आमची कँडल आता महिनोन्‌महिने पांढरी राहते.

बोअर नवं असेल तर पिंपं विकत घ्यायच्या आधी पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या आणि लोह, मँगनीज, फ्लोराइड, पीएच चारही मागून घ्या. बाटली काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी पोचवा. वाटेत लोह तळाला बसलं तर अहवालात ते कमी दिसतं.