जंगलमातीतलं पाणी: ताटली की सक्शन कप?

इंदूरजवळच्या रालामंडलसारख्या जंगलात मातीतला विरघळलेला सेंद्रिय कार्बन वर्षानुवर्षं मोजायचा, तर पाणी धरायचं कसं? पालापाचोळ्याखाली तिरकी ताटली ठेवली की मुरणारं पाणी आपोआप बाटलीत उतरतं, कोऱ्या चहासारखं तांबूस. स्वस्त आणि सोपं. पण पावसाळा सरला की बाटली कोरडी. सक्शन कप म्हणजे मातीत पुरलेला सच्छिद्र कप; त्यातली हवा उपसली की तो मातीच्या बारीक छिद्रांतलं, खोलवरचं पाणीही ओढतो. मात्र माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की कपात हवा शिरते नि ओढ संपते.

तरी मी कपाच्याच बाजूचा. एक मात्र पाळा: मधेच पद्धत बदलू नका. युरोपात गंधकाचं प्रदूषण घटल्यावर अनेक ओढ्या-तळ्यांत हा कार्बन वाढला, जंगलमातीत चित्र संमिश्रच. तिथे उपकरणाचा फरक सहज ‘बदल’ म्हणून खपेल. आणि न विरघळलेले कण वगळायला गाळणी दोन्हींना ०.४५ मायक्रॉनचीच.