ओसेमोसिस, आठ महिन्यांनंतर: मॉडेल फुकट, संध्याकाळ महाग

ओसेमोसिस म्हणजे देशाला लागणारी ऊर्जा कमीत कमी खर्चात कशी पुरवायची, कुठली केंद्रं किती बांधायची, हे गणिताने काढणारं फुकट सॉफ्टवेअर. एप्रिलमध्ये एकदा रात्री अकराला त्याचा रन, म्हणजे हे गणित, लावून झोपलो. सकाळी पाहतो तर लॅपटॉपने मान टाकलेली. दुरुस्तीवाल्याने पंखा बदलला, २,८०० रुपये घेतले आणि वर विचारलं, "सर, गेम खेळता का?" भारताला २०७० पर्यंत नेट झिरो उत्सर्जनाला नेतोय, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार! घरी येऊन रागात लिहून ठेवलं: सॉफ्टवेअर फुकट, भुर्दंड आपल्याला, दोन स्टार.

तो रन एवढा अवजड का झाला, त्याचं मूळ संध्याकाळी साडेसातमध्ये आहे. ओसेमोसिसला वर्ष तुकडे करून द्यावं लागतं. सुरुवातीला मी तीन ऋतू, दिवस-रात्र, असे सहाच तुकडे दिले. म्हणजे सोसायटीची लिफ्ट, मिक्सर, एसी, टीव्ही सगळं एकदम चालू असतं ती वेळ आणि पहाटे तीनची सामसूम, दोन्हींची एकच सरासरी. मॉडेल खूश! स्वस्त सोलर भरपूर लावलं, बॅटरी नावालाच. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटला टेकली ती दुपारी, तेव्हा सूर्य मदतीला असतो. साडेसातला कोण असतो? हा प्रश्न सहा तुकड्यांत मॉडेलला पडतच नाही. मला मात्र झोप येईना.

म्हणून चार ऋतू गुणिले २४ तास, ९६ तुकडे केले. पावसाळा तर वेगळा हवाच, कारण साताऱ्याकडच्या पवनचक्क्या ऊन नसतं तेव्हाच जोरात फिरतात. आता बॅटऱ्या दिसायला लागल्या, खर्च चढला, आणि ८ जीबी रॅमचा जीव गेला.

ते दोन स्टार मात्र मागे घेतो. मॉडेलची समीकरणं सोडवायला वेगळा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर, लागतो; मी त्यातल्या जीएलपीकेवरच अडून बसलो होतो. तीच फाइल सीबीसी या दुसऱ्या सॉल्व्हरला दिली आणि रात्रभराचं काम चहा होईपर्यंत उरकलं. तोही फुकटच. हे आधी कळतं तर २,८०० वाचले असते.

नव्याने घेणाऱ्यांनी ३१.५३६ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. एक गिगावॉट वर्षाचे ८,७६० तास अखंड चाललं की तेवढे पेटाज्यूल (ऊर्जेचं एकक) होतात. मी तो भरायला विसरलो, डिफॉल्ट १ राहिला, म्हणजे एका गिगावॉटमधून वर्षाला एकच पेटाज्यूल. मॉडेलने हूं की चूं केलं नाही, गुपचूप एकतीस पट वीजकेंद्रं बांधली. माझ्या भारतात हजारो गिगावॉट कोळसा उभा! तासभर मी डिस्काउंट रेटला, म्हणजे पुढच्या खर्चाची आजची किंमत ठरवणाऱ्या दराला, दोष देत बसलो होतो.

एवढी कटकट नको असेल तर नीती आयोगाचं आयईएसएस २०४७ हे ऊर्जेची भविष्यचित्रं दाखवणारं तयार साधन बघा. प्रत्येक क्षेत्राला प्रयत्नांच्या चार पातळ्या, निवडा आणि आलेख पाहा. वर्गात शिकवायला उत्तम. पण स्वस्तातला मार्ग ते स्वतः शोधत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

आता चार स्टार. एक साडेसातसाठी कापलाय, तो परत मिळणार नाही. आज रात्री आपले सहाही ऋतू घेऊन १४४ तुकडे लावतोय. लॅपटॉपखाली हवा खेळावी म्हणून दोन वाट्या पालथ्या ठेवल्यात. नव्या पंख्याची वॉरंटी तीनच महिन्यांची होती, जुलैत संपली.