जादूची प्रेमकथा : दीड तासाचा टीव्ही-चित्रपट की लांबलचक मालिका?

डोक्याला ताप नको, रडारड नको आणि सासूबाई शेजारी बसल्या असताना घाईनं रिमोट शोधायची वेळ येऊ नये, एवढीच अपेक्षा ठेवून रात्री टीव्ही लावणाऱ्यांसाठी हे लिहितेय. त्यातही ज्यांना प्रेमकथा आवडते आणि तिच्यात जरा जादू असली तर आणखी आवडते, त्यांच्यासाठी. सकाळी उठावं तर कालचाच दिवस पुन्हा उजाडलेला. बर्फाच्या पुतळ्यात जीव आलेला. बाटलीतून जिनी निघालेली. भिंतीवरच्या तसबिरीतली बायको नवऱ्याला बोलायला लागलेली.

अशा गोष्टी दोन प्रकारांत मिळतात. एक म्हणजे परदेशी वाहिन्यांनी, आणि आता नेटफ्लिक्सनं, खास घरच्या पडद्यासाठी बनवलेला दीड तासाचा चित्रपट. दुसरा म्हणजे आपल्याकडची, किंवा आपल्याकडं हिंदीत डब होऊन आलेली, महिनोन्‌महिने चालणारी मालिका. दोन्हींना वेळ देणं जमत नसेल तर काय निवडावं? माझं मत आधीच सांगून टाकते. दोन माणसांचं प्रेम बघायचं असेल तर चित्रपट घ्या, भरलेलं घर बघायचं असेल तर मालिका.

या प्रकाराला पोरकट म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ भेटतात. मला तो मनापासून आवडतो. आपल्या रोजच्या मालिकांत प्रेमाच्या आड कोण येतं ते आठवून बघा. एखादी काकू, एखादी जाऊ, नाही तर नायकाची जुनी मैत्रीण. ती दाराआडून ऐकते, दुधात काहीतरी कालवते, कपाटातली कागदपत्रं पळवते. दोघांना लवकर एकत्र येऊ द्यायचं नसतं, म्हणून कुणाला तरी वाईट ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा त्या जागी बाईच उभी केली जाते. जादूच्या प्रेमकथेत ते काम शाप करतो, घड्याळ करतं, नवस करतो. अडचण घराबाहेरून येते. घरातल्या कुणाला काळं फासावं लागत नाही. सासू-सून एकाच दिवाणावर बसून ती गोष्ट बघू शकतात आणि कुणालाच काही टोचत नाही. दिवसभर घरात, शेतात, नोकरीत माणसांशी झटापट झालेली असते. रात्री पुन्हा तेच बघायची इच्छा होत नाही.

आणखी एक आहे. जादू लाजऱ्या माणसाचं तोंड उघडते. आपल्याकडं प्रेम बोलून दाखवायची रीत कमीच. तीस वर्षं संसार केलेला माणूस बायकोला “जेवलीस का?” एवढंच विचारतो आणि त्यात सगळं आलं, असं दोघंही धरून चालतात. गोष्टीत मात्र रात्री बाराला दिवस पुसला जाणार असतो, किंवा समोरचा माणूस आपल्या शतकात परत जाणार असतो. मग बोलावंच लागतं. तो क्षण बघताना आमच्या पिढीच्या बायकांचे डोळे का भरून येतात, हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

हे खूळ बाहेरून आलंय असं वाटणाऱ्यांनी पैठणकडं बघावं. ११ व्या शतकात सोमदेवानं काश्मिरात ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातल्या कथांचा मूळ सांगणारा गुणाढ्य प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारातला, अशी परंपरा त्यातच दिलेली आहे. वेताळ खांद्यावर घेऊन चालणारा राजाही तिथं गोदाकाठच्या प्रतिष्ठानचाच आहे, म्हणजे आपल्या पैठणचा. त्या वेताळाच्या एका कथेत एका बाईचा नवरा आणि भाऊ दोघंही देवीच्या देवळात स्वतःचं शिर वाहतात. देवी प्रसन्न होते, शिरं जोडायला सांगते, आणि आनंदाच्या घाईत ती बाई डोक्यांची अदलाबदल करून बसते. आता तिचा नवरा कोणता? शरीरांची अदलाबदल दाखवणारे आजचे सगळे चित्रपट याच कोड्याभोवती फिरतात.

त्याच पैठणच्या नाथांनी १६ व्या शतकात भारुडातल्या सुनेला भवानीआईपुढं रोडग्याचा नवस बोलायला लावलं. मागणं काय, तर सासरा, सासू, जाऊ, दादला सगळे जाऊ देत आणि मला एकटीला राहू दे. नाथांना त्यातून अध्यात्म सांगायचं आहे, पण भारूड रंगलं की बायका आधी हसतात आणि अर्थाकडं मग वळतात. इच्छा पुरी करणारी शक्ती आणि घरगुती विनोद यांची ही सांगड मराठवाड्याला नवी नाही.

तर आधी चित्रपट. अमेरिकेत टीव्हीवरच्या चित्रपटाला जाहिरातींसकट दोन तासांची जागा मिळते. जाहिराती काढल्या की हातात साधारण दीड तासच उरतो. पटकथाही जाहिरातींच्या थांब्यांप्रमाणं लिहिलेली असते, त्यामुळं दर थोड्या वेळानं एक छोटं वळण येतंच. हॉलमार्क या वाहिनीनं हा साचा घट्ट बसवला आणि २००९ पासून नाताळाआधीचे आठवडे ती अशा चित्रपटांनी भरून टाकते. चित्रीकरण दोन-तीन आठवड्यांत उरकतं, पुष्कळदा कॅनडात, आणि बर्फ बऱ्याच वेळा खोटा असतो. या हॉलमार्की साच्यात चुंबन बहुधा अगदी शेवटी येतं. घरात लहानथोर असताना ही मोठी सोय आहे.

कमी वेळ आणि कमी पैसा असल्यामुळं या चित्रपटांत जादूचा नियम एकच असतो. माझ्या मते हीच त्यांची ताकद आहे. ‘१२ डेट्स ऑफ ख्रिसमस’ (२०११) बघा. नायिकेला नाताळच्या आदल्या दिवशी एका अनोळखी माणसाला भेटायचं आहे, पण तिचा जीव जुन्या मित्रात अडकलेला. रात्री बारा वाजले की तोच दिवस पुन्हा सुरू होतो, असं बारा वेळा. पहिल्या फेऱ्या ती जुन्या मित्राला परत मिळवण्यात घालवते. हळूहळू तिचं लक्ष शेजारच्या बाईकडं, मैत्रिणीकडं जायला लागतं, आणि समोर बसलेला माणूसही आपलं एक दुःख घेऊन आलाय हे तिला उमगतं. दिवस तोच असतो, माणसं तीच असतात, बदलते ती फक्त तिची नजर. प्रेम म्हणजे समोरच्याकडं नीट बघणं, हे इतक्या सोप्या रीतीनं सांगणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. या प्रकारातला एकच चित्रपट बघायचा असेल तर हा बघा.

‘द नाइट बिफोर ख्रिसमस’ (२०१९) त्यापेक्षा हलका आहे. १३३४ सालातला इंग्लंडचा एक सरदार एका म्हातारीच्या जादूनं आजच्या अमेरिकेत येऊन पडतो आणि एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंच्या मोटारीपुढं येतो. त्याचं टीव्हीपुढं थक्क होणं आणि जुन्या वळणाचं बोलणं मुलांना फार आवडेल. प्रेमकथा म्हणून मात्र तो कच्चा वाटतो. सरदाराचा चांगुलपणा पहिल्या मिनिटालाच सिद्ध झालेला असतो आणि बाईंना फारसं काही ओलांडावं लागत नाही.

‘हॉट फ्रॉस्टी’बद्दल (२०२४) मी जरा जास्त बोलणार आहे. कॅथी तरुण विधवा आहे. नवरा कर्करोगानं गेलेला, गावात तिचं छोटं खानावळीवजा दुकान, घराचं छप्पर गळतंय आणि दुरुस्तीला मन होत नाही. ती एका बर्फाच्या पुतळ्याच्या गळ्यात गळपट्टा घालते आणि पुतळा जिवंत होतो. तो टीव्ही बघून बघून कामं शिकतो, तिचं घर दुरुस्त करतो. गोष्ट भाबडी आहे, मान्य. पण एका विधवेनं पुन्हा प्रेमात पडावं आणि गावातल्या लोकांनी आनंदानं तिच्या मागं उभं राहावं, हे आपल्या टीव्हीवर कितीदा दिसतं? कमी वयात नवरा गेलेल्या बायका मराठवाड्यात गावोगाव आहेत. हळदीकुंकवाच्या दिवशी कोपऱ्यात बसणाऱ्या त्या बाईला इथं कुणी उपदेश करत नाही, तिला फक्त हसवतात आणि तिचं छप्पर नीट करून देतात. त्या एका गोष्टीसाठी मी या चित्रपटाचे सगळे दोष माफ करते. सूचना एकच : पुतळा जिवंत होतो तेव्हा अंगावर फक्त तो गळपट्टाच असतो. तो भाग विनोदानं घेतलाय, पण आजोबा बसले असतील तर आधी ठाऊक असलेलं बरं.

आता मालिका. चाळिशी ओलांडलेल्यांना १९९० च्या दशकात सोनीवर हिंदीतून लागणारी ‘आय ड्रीम ऑफ जिनी’ (मूळ १९६५ ते १९७०) आणि ‘बिविच्ड’ (मूळ १९६४ ते १९७२) आठवत असतील. दोन्ही समोरासमोर ठेवल्या की मालिकेचं दुखणं दिसतं. जिनीची सगळी गंमत, तिला बाटलीतून सोडवणाऱ्या अंतराळवीराला ती आवडते की नाही, या ओढाताणीत आहे. पाचव्या हंगामात दोघांचं लग्न लावलं आणि त्या हंगामानंतर मालिका बंद झाली. ‘बिविच्ड’मध्ये लग्न पहिल्याच भागात होतं. पुढची आठ वर्षं चेटकीण बायको, साधा नवरा आणि जावयाचं नाव मुद्दाम चुकीचं घेणारी सासू यांचा संसार चालतो. मालिकेला उद्याचा भाग हवा असतो, म्हणून प्रेम जुळण्याची गोष्ट तिथं एकतर ताणली जाते किंवा विटते. टिकतो तो संसार.

आपल्याकडच्या ‘हम पांच’नं (१९९५) हे बरोबर ओळखलं होतं. अशोक सराफ नवरा, घरात पाच मुली, दुसरी बायको शोमा आनंद, आणि भिंतीवरच्या तसबिरीत दिवंगत पहिली बायको प्रिया तेंडुलकर. ती तसबिरीतून नवऱ्याशी बोलते, टोमणे मारते. एवढीच जादू. पण मेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलणं कुणाला चुकलंय? ते त्यांनी उघड केलं आणि विनोदी केलं, आणि गेलेल्या बायकोवरचं प्रेम नव्या संसाराच्या आड न येता भिंतीवर मानानं राहिलं. जादूचा इतका काटकसरीचा आणि इतका खरा वापर मी आपल्या टीव्हीवर फारसा बघितलेला नाही.

झी मराठीवरची ‘जागो मोहन प्यारे’ (२०१७) मी अतुल परचुरेंसाठी बघा म्हणेन. दबलेल्या मध्यमवर्गीय माणसाचा केविलवाणेपणा न रडता कसा दाखवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. श्रुती मराठेची जिनीही गोड आहे. अडचण रचनेत आहे. नायकाचं लग्न झालेलं, घरात बायको, त्यामुळं जिनीबरोबरची प्रेमकथा धड वाढू शकत नाही आणि नवरा-बायकोची गोष्ट मागं पडते. ‘भागो मोहन प्यारे’त (२०१९) नायकावर भुताचा जीव जडतो. तिथं ही अडचण सुटते आणि विनोदालाही धार येते. घरात वयात येणारी मुलगी असेल तर हिंदीतली ‘शरारत’ (२००३) सगळ्यांत आधी. आजी, आई, नात अशा तीन पिढ्यांकडं परीची शक्ती आहे, आणि नात अठरा वर्षांची झाली की ती तिच्याकडं येते. मुलीच्या प्रेमाच्या गोष्टी आजीशी बोलता येतात, हे त्या घरात सहज दिसतं.

सोयीचंही बघावं लागतं. उन्हाळ्यात ऐन नऊच्या ठोक्याला लाइट गेली तर मालिकेचा भाग हुकतो. चित्रपट दुपारीच फोनवर उतरवून ठेवला तर रात्री गच्चीवर बसून बघता येतो, आणि परभणीच्या मे महिन्यात पडद्यावरचा बर्फ खोटा असला तरी बरा वाटतो. नेटफ्लिक्सला महिन्याचे पैसे पडतात. घरात कुणी इंग्रजी वाचत-ऐकत नसेल तर भाषेच्या यादीत हिंदी आहे का, हे आधी बघा. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर शोधाव्यात. आणि “काय बघायलीस गं?” असं विचारत जी आई दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून येऊन उभी राहते, तिच्यासाठी मालिकाच बरी, कारण मधला कुठलाही भाग तिला कळतो. काळाचं चक्र फिरणाऱ्या चित्रपटात दोन फेऱ्या चुकल्या की मेळ लागत नाही.

नवरा-बायको दोघंच असाल, मुलं लातूरला शिकायला ठेवलेली असतील, तर ‘१२ डेट्स’पासून सुरुवात करा. कुणी जवळचं माणूस गमावलेलं असेल आणि घर अजून सावरलं नसेल, तर लगेच ‘हॉट फ्रॉस्टी’ लावू नका. थोडे दिवस जाऊ द्या, आणि लावाल तेव्हा त्या माणसाला विचारून लावा. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गणगोत जमलेलं असतं, शेतातून भज्जी-आंबील खाऊन आलेली मंडळी सुस्तावलेली असतात. तेव्हा ‘हम पांच’चे दोन-तीन भाग पुरे. पोरांचा गलका झालाच तर सरदाराचा चित्रपट. आणि जुन्या आठवणीनं जिनी पुन्हा बघायला घेतलीत, तर लग्नाच्या भागापर्यंत जरूर या. त्यापुढचे भाग राहिले तरी चालतील.