लिथियमचे अकरा महिने: गोळी सोपी, मीठ-पाण्याचा हिशोब अवघड

गेल्या दिवाळीआधी मी पाच रात्री जेमतेम तीन-तीन तास झोपून अठ्ठावीस ब्लाउज शिवले. घरात कौतुकच झालं. सहाव्या दिवशी उधारीवर साठ मीटर कापड आणि दुसरं मशीन घेऊन आले, तेव्हा आमच्या यांना शंका आली. त्याच वर्षी उन्हाळ्यात दोन महिने मी अंथरुणातून उठत नव्हते, त्याला मात्र सगळ्यांनी आळस म्हटलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी दोन्हींचा धागा जोडला. बायपोलर, म्हणजे कधी मन भलतंच उसळतं तर कधी पार खचतं, असा आजार.

त्यावरची लिथियमची गोळी सुरू करण्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडची टीएसएच करून घेतली. सुरुवातीला झोपेसाठी दुसरी गोळी जोडीला होती, ती दीड महिन्यात बंद झाली. लिथियम ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांवर स्थिरावलं. रक्तातली लेव्हल माझ्यासाठी ०.६ ते १.० मध्ये हवी, असं मॅडमनी कार्डावर लिहून दिलं. गोळ्या स्वस्त आहेत, माझा खर्च होतो तो तपासण्यांवर.

पहिला घोळ माझाच. तेव्हा एक गोळी सकाळी, दोन रात्री घ्यायचे. तपासणीच्या दिवशी सवयीने सकाळची गिळली आणि अकराला रक्त दिलं. रिपोर्ट आला १.३! आमच्या यांचा चेहरा पडला. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, हे मी ऐकलं होतं, पण डोक्यात बसलं नव्हतं. दोन दिवसांनी नीट दिलं तर ०.८. आता सगळ्या गोळ्या रात्री नऊला, रक्त सकाळी नऊला.

हाताचा कंप हे माझं खरं दुखणं. मशीनवर काही वाटत नाही. सुईत दोरा ओवताना आणि हूक लावताना मात्र बोटं ऐकत नाहीत. त्यावरही गोळी मिळते, पण मी नको म्हटलं. दोरा आता मुलगी ओवून देते, वर हसतेही. तहान खूप लागते, रात्री दोनदा उठावं लागतं, वजन चार किलोंनी वाढलं. बारीक कंप चालतो. हात जोरात थरथरले, उलट्या-जुलाब लागले, तोल जायला लागला किंवा जीभ जड झाली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना, असं मॅडमनी बजावलंय.

सोलापूरच्या मे महिन्यात खरी परीक्षा झाली. घाम गेला, पाणी कमी पडलं की लिथियम रक्तात साठतं. मीठ एकदम तोडलं तरी तेच. सासूबाईंना रक्तदाबामुळे अळणी, म्हणून पूर्वी सगळ्या घराचीच भाजी अळणी व्हायची. आता माझी वाटी वेगळी. आषाढीला निर्जळी करते म्हटल्यावर मॅडमनी हात जोडले. मग पाणी, ताक आणि मीठ घातलेली साबुदाण्याची खिचडी, असा उपवास केला. सासूबाई म्हणाल्या, “विठोबा काय तुझ्या पाण्याचे घोट मोजत बसणारे?” मला त्या दिवशी त्या फार आवडल्या.

गुडघा दुखला तेव्हा सासूबाईंनीच आपली डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी पुढे केली. ती आणि आयब्युप्रोफेन लिथियमची लेव्हल वाढवतात, म्हणून मी पॅरासिटामॉलवर भागवते. औषधाच्या दुकानात कुणी आपणहून विचारत नाही, कार्ड आपणच दाखवायचं. दाताच्या डॉक्टरांनाही मी आधी कार्ड दाखवलं.

सहाव्या महिन्यात बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडाव्याशा वाटल्या. एकदम सोडलं तर आजार जोरात उलटू शकतो, सोडायचंच ठरलं तर हळूहळू आणि आपण दोघींनी मिळून, असं मॅडमचं उत्तर मिळालं. सोडल्या नाहीत. अकरा महिन्यांत एकदाही रात्र जागून काढली नाही. त्या पाच रात्रींचा वेग कधीकधी आठवतो, खोटं कशाला बोलू. आता दिवसाला तीन ब्लाउज होतात. लिथियमला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण त्या सुईने खाल्ला.

दुसरं मशीन विकून उधारी फेडली. कापड अजून माळ्यावर आहे, दिवाळीत खपेल.