नागपूरच्या उन्हात टर्बो गाडीला ऑइल कूलर: हवेवरचा की कूलंटवरचा?

रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली टर्बो पेट्रोल गाडी आणि मुक्काम नागपूर, असं जमून आलं की एप्रिलपासून नजर सारखी ऑइल टेम्पवर जाते. कूलंटचा काटा मात्र नव्वदवर निवांत बसलेला असतो. कंपनीने त्याला तसंच बसवून ठेवलंय, आत पाच-सात डिग्री इकडेतिकडे झालं तरी तो हलत नाही. त्यामुळे त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. माझ्या ऑक्टेव्हिया आरएसला स्टेज वन (रीमॅपची पहिली पायरी, पार्ट तेच) केल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ऑइल १३० च्या पुढे गेलं, आणि कूलर घालायचा हे तिथेच ठरलं. कोणता घालायचा यात मात्र बराच वेळ गेला: हवेवरचा कूलर समोरच्या वाऱ्याने ऑइल गार करतो, कूलंटवरचा इंजिनात फिरणाऱ्या कूलंटने. शेवटी माझ्या गाडीत कूलंटवरचा बसला, आणि त्याच सुमारास मामेभावाच्या टर्बो हॅचबॅकमध्ये हवेवरचा. दोन्ही कामं एकाच गॅरेजमध्ये झाली, दोन्ही वेळा मी तिथे होतो, आणि त्याची गाडीही मी भरपूर चालवलीय. म्हणून दोन्हीबद्दल थोडं अधिकाराने लिहितोय.

आधी एक गोष्ट. गाडी स्टॉक असेल आणि भर उन्हाळ्यातही ऑइल १०० ते ११५ मध्ये राहत असेल, तर यातलं काहीच घालू नका. ऑइल शंभरपर्यंत गेलेलं चांगलंच, नाहीतर त्यात मुरलेलं पाणी आणि थेट इंजेक्शनच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरणारं पेट्रोल उडून जात नाही. अनेकांना वाटतं की समृद्धीवर गाडी तापते. माझा अनुभव तसा नाही. टॉप गियरमध्ये १२० ने सलग चाललं की आरपीएम कमी, बूस्ट नावाला, आणि समोरून वारा भरपूर. ऑइल तापतं ते लोडवर: दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये चढ, ओव्हरटेक, पुन्हा चढ. टर्बोच्या बेअरिंगमधून जाणारं ऑइल तिथली उष्णता घेऊन थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत परत येतं, आणि दोन चढांच्या मध्ये त्याला निवायला उसंत मिळत नाही.

कागदावर हवेवरचा कूलर सरळ जिंकतो. ऑइल ११५ वर आणि बाहेर ४५ असेल तर फरक ७० डिग्रीचा. कूलंट स्वतःच ९५ वर फिरतंय, म्हणजे तिथे फरक जेमतेम वीसचा. पाणी हवेपेक्षा उष्णता कितीतरी चांगली ओढतं, म्हणून एवढ्याशा फरकातही कूलंटवरचा कूलर काम करून जातो. पण खाली जाण्याला त्याला मर्यादा आहे. कूलंटपेक्षा गार ऑइल तो कधीच देणार नाही. हवेवरचा देऊ शकतो. फक्त नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सिमेंटच्या रस्त्यावर बंपरच्या उंचीला जी हवा असते ती हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा बरीच गरम असते, हे गणितात धरायला हवं. थंड हवेच्या गावातल्या लोकांचे आकडे वाचून इकडे कोणी हुरळून जाऊ नये.

घाटात भावाची गाडी खरंच छान चालते. त्याच चढावर, त्याच हंगामात, त्याचं ऑइल ११० च्या आसपास राहतं. माझं आता ११८-१२० पर्यंत जातं. गाड्या वेगळ्या आहेत, चालवणारे वेगळे, तेव्हा हे मोजमाप नाही. पण कल्पना येते. पाय जरा सैल सोडला की त्याचं ऑइल झटकन उतरतं, माझं सावकाश.

थर्मोस्टॅट, म्हणजे ऑइल तापल्यावरच कूलरकडची वाट उघडणारी झडप, नसलेला हवेवरचा कूलर मात्र घेऊच नका. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे दहाच्या खाली जातं, आणि धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स एवढ्याच प्रवासात ऑइल सत्तरवर रेंगाळत राहतं. थर्मोस्टॅटवाल्या प्लेटमधूनही थोडं ऑइल कायम कूलरकडे वाहतं, लाइनमध्ये हवा अडकू नये आणि झडप उघडताना एकदम गार ऑइलचा लोंढा येऊ नये म्हणून. त्यामुळे ऑइल तापायला थोडा उशीर होतोच. कूलंटवरचा इथे उलटा वागतो. सकाळी कूलंट आधी तापतं आणि तेच ऑइलला वर ओढतं.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती.

हवेवरचा कूलर ठेवायचा कुठे? पुढे आधीच एसीचा कंडेन्सर, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर, रेडिएटर अशी एकामागे एक रांग आहे. त्यांच्यापुढे आणखी एक गरम जाळी टांगली तर मे महिन्यात एसी मान टाकतो, आणि एसी गेलेली गाडी नागपुरात दुपारी कोण चालवणार? म्हणून तो जातो बंपरच्या कोपऱ्यात, फॉग लॅम्पच्या जाळीमागे. जागा हवेसाठी चांगली, पण रस्त्याची धूळ, पुढच्या ट्रकने उडवलेली खडी आणि पावसाळ्यातल्या रात्रीचे किडे हे सगळं नेमकं तिथेच येतं. गावात वर्षभर कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो, आणि ती बारीक पांढरी सिमेंटची धूळ फिनमध्ये, म्हणजे कूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये जाऊन बसते. त्यावर पावसाळ्यात किड्यांचा थर, त्यावर पुन्हा धूळ. घरच्या डेझर्ट कूलरची ताटी अशीच बसली की पंखा जोरात फिरतो पण गार काही लागत नाही, तसंच इथे होतं. भावाच्या गाडीत दुसऱ्या उन्हाळ्यात ऑइल टेम्प पुन्हा वर सरकायला लागलं. समोरून पाण्याचा फवारा मारून काही उपयोग नाही, घाण उलट आत दाबली जाते. फवारा मागून मारावा लागतो, आणि मागे पोचायचं तर व्हील आर्चचं लायनर काढा, खालचं कव्हर काढा, पार्किंग सेन्सर आणि फॉग लॅम्पचे कनेक्टर सोडवा, आणि पुढचा अख्खा बंपर उतरवा.

ते काम मी शेजारी उभं राहून पाहिलंय. बंपर उतरला, कूलरचा समोरचा भाग करड्या नमद्यासारखा झालेला. मेकॅनिकने मागून हलक्या प्रेशरने पाणी मारलं तसे चिखलाचे लांबट गोळे फिनमधून सुटून फरशीवर पडत गेले. दगड लागून दोन-तीन ठिकाणी फिन आडव्या झाल्या होत्या, त्या त्याने बारीक पेचकसाने एकेक करून सरळ केल्या. एवढं सगळं तासाभरात झालं. पण बंपर परत लावताना हेडलॅम्पखालच्या दोन क्लिपा तुटल्या. लायनरच्या तर आधीच कमी होत्या. "भाऊ, नव्या क्लिपा येईपर्यंत टाय मारून देऊ का?" मेकॅनिकने विचारलं. त्याचा दोष काहीच नव्हता. प्लास्टिक आहे, उन्हात वाळतं, दोन-तीनदा उघडलं की तुटणारच. पण हे काम वर्षातून एकदा तरी निघतं, शक्यतो होळीच्या आसपास, आणि दर वेळी बंपर आणि फेंडरमधली फट थोडी आणखी वाढते. ज्याला गाडीची शटलाइन (पॅनलमधल्या फटीची रेघ) सरळ लागते, त्याला ती फट दर सकाळी दिसते. मला ती माझ्या गाडीवर नको होती.

कूलंटवरच्याला हे काहीच लागत नाही. माझ्या इंजिनात कंपनीचाच एक लहान प्लेटचा कूलर होता, त्याच जागी जास्त प्लेटांचा जाड बसवला. लांब होज नाहीत, गळायला फिटिंग नाहीत, बंपरमध्ये काही नाही. धूळ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सिग्नलवर हवा थांबली तरी रेडिएटरचा पंखा त्याच्यासाठी काम करत राहतो.

त्याचीही दोन दुखणी आहेत, ती लपवत नाही. सगळी उष्णता शेवटी रेडिएटरवरच जाते, म्हणून रेडिएटर आणि कंडेन्सर स्वच्छ नसतील तर नवा कूलर घालून फायदा शून्य. दुसरं, आतली प्लेट किंवा गॅस्केट फुटलं तर चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर जास्त असल्यामुळे ऑइल कूलंटमध्ये घुसतं आणि एक्सपान्शन टँकमध्ये दुधाळ तवंग दिसतो. इंजिन बंद केल्यावर उलटंही होऊ शकतं, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये. तसं दिसलं की गाडी तिथेच थांबवायची. म्हणून टँकचं झाकण थंड इंजिनावर अधूनमधून उघडून बघायची सवय लावून घेतलीय. आणि टॉपअपला बोअरचं पाणी कधीही नाही. आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार त्या बारीक फटींमध्ये बसला की तो निघत नाही.

वर्षातून दोनदा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला गाडी नेणाऱ्याने हवेवरचाच घ्यावा, तिथे सलग लॅपमध्ये कूलंटवरचा पुरणार नाही असं मला वाटतं. मोठा टर्बो घातलेल्यानेही तोच बघावा. पण रोज ऑफिस, महिन्यातून एखादा पेंच किंवा चिखलदरा, दिवाळीला पुणे, आणि गाडी स्टेज वनपर्यंतच असेल, तर ते आठ-दहा डिग्री कमी मिळवण्यासाठी बंपरशी दरवर्षी झटापट करावी का, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या गाडीत तरी १२० ला थांबलेलं ऑइल मला पुरेसं आहे. चांगलं फुल्ली सिंथेटिक ऑइल आणि थोड्या लवकर केलेली सर्व्हिस एवढ्यावर उरलेलं निभावतं.

कूलंटवरचा घ्यायचं ठरलं तर काम मार्चमध्ये, कूलंट बदलायची वेळ आली असेल तेव्हाच करून घ्या, कारण कूलंट तसंही काढावं लागतं. भरताना व्हॅक्युमने भरणारं गॅरेज शोधा. नुसतं वरून ओतलं तर हवा अडकते. जुने ओ-रिंग (जोडावरच्या रबरी कड्या) परत वापरू देऊ नका. पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन पूर्ण तापून थंड झालं की कूलंट आणि ऑइल दोन्हीची लेव्हल तपासा, कूलंट थोडं खाली गेलेलं दिसेल, तेवढं भरून द्या.